शर्यत वेगाची, कसोटी ग्राहकाची

– प्रतिनिधी

संगणकासाठी कोणता प्रोसेसर घ्यावा, या प्रश्नाला २०१७ पर्यंत जवळजवळ ठरलेले उत्तर होते. पैसे असतील तर इंटेलचा 'आय७', थोडे कमी असतील तर 'आय५' आणि अगदीच ओढाताण असेल तर एएमडी. दुकानदार फारसे समजावत नसे आणि गिऱ्हाईकही फारसे विचारत नसे. आज हाच प्रश्न मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारला, तर उत्तराऐवजी प्रतिप्रश्न येतो : 'कशासाठी हवा?' त्यावर 'गेम खेळायला आणि व्हिडिओ एडिटिंगला, दोन्हीसाठी' असे सांगितले, की खऱ्या पंचाइतीला सुरुवात होते. कारण ही दोन्ही कामे एकाच यंत्रावर होत असली, तरी प्रोसेसरकडून त्यांची मागणी एकसारखी नाही. किंबहुना बरीचशी परस्परविरोधी आहे.

असा ग्राहक आता अपवादही राहिलेला नाही. लग्नसमारंभांच्या चित्रफिती संकलित करणारे, यूट्यूबवर स्वतःची वाहिनी चालवणारे, स्थानिक उमेदवारांसाठी प्रचारफिती तयार करून देणारे तरुण तालुक्याच्या गावांतूनही दिसतात. दिवसा ज्या संगणकावर पोट चालते, त्याच संगणकावर रात्री गेम चालतो. लाख-दीड लाखाचा हा खर्च अनेकदा हप्त्यांवर केलेला असतो आणि हे यंत्र किमान चार-पाच वर्षे टिकावे अशी अपेक्षा असते. हंगामाच्या दिवसांत ते बंद पडले, तर केवळ करमणूक बुडत नाही. ठरल्या तारखेला द्यायचे काम अडते. अशा ग्राहकापुढे आकड्यांची आणि जाहिरातींची भिंत उभी असते. 'सर्वांत वेगवान' हे बिरुद दर काही महिन्यांनी एका कंपनीकडून दुसरीकडे जाते. परंतु गेल्या काही वर्षांतील घडामोडी नीट पाहिल्या, तर एक गोष्ट स्पष्ट होते. वेगाच्या शर्यतीतील शेवटच्या काही टक्क्यांसाठीच सर्वाधिक किंमत मोजावी लागते. ती पैशात, विजेत आणि उष्णतेत तर असतेच, पण प्रसंगी यंत्राच्या आयुष्यातूनही वसूल होते.

गिगाहर्ट्झचे युग

या शर्यतीचा इतिहास जुना आहे. मार्च २००० मध्ये एएमडीच्या 'अ‍ॅथलॉन'ने एक गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला आणि अवघ्या दोन दिवसांत इंटेलने 'पेंटियम ३' घेऊन तोच दावा केला. त्यानंतरची चार वर्षे जितके गिगाहर्ट्झ जास्त तितका प्रोसेसर चांगला, हे समीकरण ग्राहकांच्या मनावर पक्के बिंबवण्यात आले. पण वेग वाढवायचा तर विजेचा दाब वाढवावा लागतो आणि दाब वाढला की उष्णता त्याहून अधिक प्रमाणात वाढते. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलला चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ बाजारात आणण्याचा बेत सोडून द्यावा लागला. कंपनीचे तत्कालीन प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत व्यासपीठावर गुडघे टेकून, अर्थात थट्टेनेच, त्याबद्दल क्षमा मागितली होती.

थट्टा बाजूला ठेवली, तर तो एका युगाचा शेवट होता. २००५ मध्ये दोन्ही कंपन्यांनी एकाच चिपवर दोन गाभे, म्हणजे 'कोअर', बसवलेले प्रोसेसर आणले. एक माणूस अधिक वेगाने धावत नसेल तर दोन माणसे कामाला लावा, हा त्यामागील साधा विचार. पण त्यातूनच आजचा पेच निर्माण झाला. दोन माणसांत वाटता येईल असे काम असेल तरच दुसऱ्या माणसाचा उपयोग. चार आचारी लावले म्हणून एका पातेल्यातला भात चौपट वेगाने शिजत नाही. जीन अ‍ॅमडाल या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्येच हे दाखवून दिले होते. कामाचा दहा टक्के भाग जरी वाटता न येण्याजोगा असला, तरी कितीही गाभे लावा, एकूण वेग दहापटीच्या पुढे जाऊ शकत नाही.

स्पर्धा संपली की प्रगती थांबते

पुढील दशक इंटेलचे होते. २०११ मध्ये एएमडीने आणलेली 'बुलडोझर' ही रचना सपशेल अपयशी ठरली आणि २०१५ मध्ये त्या कंपनीचा शेअर दोन डॉलरच्याही खाली गेला. प्रतिस्पर्धीच उरला नाही, तेव्हा आघाडीच्या कंपनीने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०११ मधील 'आय७-२६००के' या प्रोसेसरमध्ये चार गाभे होते. जानेवारी २०१७ मधील 'आय७-७७००के'मध्येही चारच होते. सहा वर्षे सर्वसामान्य ग्राहकाला दर वर्षी नवे नाव मिळाले. गाभ्यांची संख्या मात्र हलली नाही. आठ गाभ्यांचा प्रोसेसर हवा असेल तर इंटेलच्या वेगळ्या, महागड्या श्रेणीत जावे लागे आणि त्यासाठी एक हजार डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागे.

२ मार्च २०१७ रोजी एएमडीने 'रायझन' बाजारात आणला. आठ गाभ्यांच्या 'रायझन ७ १८००एक्स'ची किंमत होती ४९९ डॉलर. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंटेलने सर्वसामान्य श्रेणीत सहा गाभ्यांचा 'आय७-८७००के' आणला. सहा वर्षांत जे झाले नाही ते सात महिन्यांत झाले. पुढे २०१९ मध्ये एएमडीने तैवानच्या टीएसएमसी कंपनीकडून सात नॅनोमीटर प्रक्रियेने बनवून घेतलेले प्रोसेसर आणले आणि वर्षअखेरीस सोळा गाभे सर्वसामान्य मदरबोर्डवर बसू लागले. स्वतःचे कारखाने असलेली इंटेल याच सुमारास दहा नॅनोमीटरच्या प्रक्रियेत अडकून पडली होती. ज्या एएमडीने २००९ मध्ये आपले कारखाने वेगळे काढले, म्हणून तिच्याविषयी चिंता व्यक्त होत होती, तिला त्याच निर्णयाचा लाभ झाला.

दोन कामे, दोन स्वभाव

गेम आणि संकलन यांच्या गरजा वेगळ्या का, हे समजून घेतल्याशिवाय निवड करणे म्हणजे अंधारात तीर मारण्यासारखे आहे. गेममध्ये दर सेकंदाला साठ चित्रे दाखवायची असतील, तर एका चित्रासाठी जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. १४४ चित्रे हवी असतील, तर सातच. तेवढ्या वेळात खेळाडूने कोणती कळ दाबली, शत्रू कुठे आहे, गोळी कुठे लागली, भिंत कशी कोसळली, हे सारे हिशेब करून ग्राफिक्स कार्डाला पुढचे चित्र रेखाटण्याचा आदेश द्यावा लागतो. या हिशेबांचा मोठा भाग एकामागून एक करावा लागतो. तो सोळा जणांत वाटता येत नाही. म्हणून बहुतेक गेमना सहा ते आठ वेगवान गाभे पुरतात. त्यापुढील गाभे बव्हंशी रिकामे बसून राहतात.

दुसरी अडचण मेमरीची. गेमला क्षणाक्षणाला लागणारी माहिती विखुरलेली असते. प्रोसेसर ती रॅममधून मागवतो तेव्हा साधारण ८० नॅनोसेकंद जातात. ऐकायला हा काळ क्षुल्लक वाटतो. पण पाच गिगाहर्ट्झने चालणाऱ्या प्रोसेसरचे तेवढ्या वेळात चारशे ठोके वाया जातात. म्हणून प्रोसेसरच्या पोटात 'कॅश मेमरी' असते. स्वयंपाक करताना मिसळणाचा डबा हाताशी असावा, तशी. मोहरीसाठी दर वेळी वाण्याच्या दुकानात जावे लागले, तर आचारी कितीही चपळ असला तरी उपयोग काय? एप्रिल २०२२ मध्ये एएमडीने 'रायझन ७ ५८००एक्स३डी' या प्रोसेसरमध्ये हा डबाच तिप्पट मोठा केला. चिपवर कॅशचा आणखी एक थर रचून ३२ मेगाबाइटची कॅश ९६ मेगाबाइटवर नेली. त्यासाठी गिगाहर्ट्झ थोडे कमी करावे लागले. तरीही गेममध्ये त्याने आपल्याहून अधिक गिगाहर्ट्झच्या भावंडाला मागे टाकले. केवळ गिगाहर्ट्झ पाहून प्रोसेसर जोखणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नाही.

चित्रफितीच्या संकलनाचे तंत्र निराळे आहे. तयार फीत अंतिम स्वरूपात बाहेर काढताना, म्हणजे 'एक्स्पोर्ट' करताना, हे काम बऱ्याच अंशी वाटता येते. तेथे बारा, सोळा, चोवीस गाभ्यांचा खरा उपयोग होतो. परंतु संकलकाचा दिवस केवळ एक्स्पोर्टमध्ये जात नाही. त्याचा बहुतेक वेळ फीत मागे-पुढे सरकवण्यात, तुकडे जोडण्यात, रंग सुधारण्यात जातो. तेथे अडखळण्याचे मुख्य कारण वेगळेच असते. सोनी, कॅनन यांसारख्या कंपन्यांचे अलीकडचे कॅमेरे जागा वाचवण्यासाठी चित्रण 'एच.२६५' या पद्धतीने दाबून साठवतात आणि त्यातही रंगांची माहिती अधिक राखणारा '१०-बिट ४:२:२' हा प्रकार वापरतात. ही दाबलेली माहिती उलगडणे प्रोसेसरच्या गाभ्यांना जड जाते. त्यासाठी चिपवर वेगळी, याच कामापुरती यंत्रणा असावी लागते.

येथे इंटेलची बाजू भक्कम आहे. तिच्या अंतर्गत ग्राफिक्समधील 'क्विक सिंक' ही यंत्रणा अकराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये हा ४:२:२ प्रकार थेट उलगडते. एएमडीच्या डेस्कटॉप रायझनमधील अंतर्गत ग्राफिक्सला ही सोय नाही. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांमध्येही ती जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या 'आरटीएक्स ५०' मालिकेपासून मिळू लागली. म्हणजे कागदावर दुय्यम वाटणारा इंटेलचा मध्यम प्रोसेसर अशा कॅमेऱ्याची फीत सुरळीत चालवतो आणि त्याहून महाग रायझन जुन्या ग्राफिक्स कार्डासह अडखळतो, असे चित्र दिसू शकते. आपला कॅमेरा कोणत्या पद्धतीने चित्रण साठवतो, हे ठाऊक नसलेल्या ग्राहकाला प्रोसेसरची निवड करताच येणार नाही, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे.

याला एक स्वस्त पर्यायही आहे. मूळ फितींच्या हलक्या प्रती, म्हणजे 'प्रॉक्सी', आधी तयार करून त्यांवर संकलन करायचे आणि शेवटी मूळ फिती जोडायच्या. प्रीमियर प्रो आणि डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या दोन्ही प्रणालींत ही सोय आहे. रात्री प्रती तयार करायला लावल्या, तर सकाळी साधा प्रोसेसरही आज्ञाधारक होतो. नव्या प्रोसेसरवर हजारो रुपये खर्च करण्यापूर्वी हा प्रयोग करून पाहायला काहीच हरकत नाही.

शेवटच्या काही टक्क्यांची किंमत

पुन्हा शर्यतीकडे वळू. एएमडीच्या वाढत्या दबावाला इंटेलने नोव्हेंबर २०२१ मध्ये बाराव्या पिढीच्या रूपाने उत्तर दिले. मोठे वेगवान गाभे आणि छोटे काटकसरी गाभे एकाच चिपवर आणण्याची ही रचना चांगली होती. गेमसाठी मोठे गाभे, एक्स्पोर्टसाठी सगळे मिळून, अशी विभागणी दोन्ही कामे करणाऱ्याच्या सोयीचीच होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेरावी आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये चौदावी पिढी आली. चोवीस गाभ्यांचा 'आय९-१४९००के' सहा गिगाहर्ट्झपर्यंत जात होता आणि त्याची अधिकृत कमाल वीज २५३ वॉट होती. प्रत्यक्षात अनेक मदरबोर्ड ही मर्यादाही पाळत नव्हते.

याच प्रोसेसरांवर गेम अचानक बंद पडू लागले. पडद्यावर 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश येई. साहजिकच ग्राहकाचा आणि दुकानदाराचाही संशय ग्राफिक्स कार्डावर जाई. कार्ड बदलले, विंडोज नव्याने टाकले, रॅम बदलली, तरी दोष कायम. अखेर एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडियानेच अशा तक्रारदारांना इंटेलकडे चौकशी करण्यास सांगितले. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की, प्रोसेसरमधील 'मायक्रोकोड' गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होता. पुढील महिन्यात दुरुस्ती आली आणि हमीची मुदत तीनवरून पाच वर्षे करण्यात आली. तथापि, या दुरुस्तीने पुढील हानी टळते. आधीच झिजलेली चिप त्यामुळे पूर्ववत होत नाही, हेही कंपनीने स्पष्ट केले.

इंटेलच्या इतिहासात असा प्रसंग पूर्वीही आला होता. १९९४ मध्ये पेंटियमच्या भागाकारातील चूक उघड झाली, तेव्हा कंपनीने सुरुवातीला तिचे महत्त्व कमी लेखले. पुढे ग्राहकांच्या संतापापुढे नमून सर्वांना प्रोसेसर बदलून देण्याचे जाहीर केले आणि त्यापोटी ४७ कोटी ५० लाख डॉलर बाजूला काढावे लागले. ती चूक रचनेतील होती. २०२४ ची चूक मात्र प्रवृत्तीतील म्हणावी लागेल. स्पर्धकाहून आलेख काही टक्क्यांनी वर दिसावा यासाठी चिपला तिच्या सहनशक्तीच्या कडेपर्यंत नेण्यात आले होते. ही प्रवृत्ती एकट्या इंटेलची नाही. एप्रिल २०२३ मध्ये काही मदरबोर्डवर एएमडीचे 'रायझन ७०००एक्स३डी' प्रोसेसर जळाल्याच्या घटना घडल्या. तेथेही कारण अतिरिक्त व्होल्टेजचेच होते आणि एएमडीला ते १.३ व्होल्टवर मर्यादित करावे लागले.

याचा भुर्दंड कोणाला पडला? हमीतून प्रोसेसर बदलून मिळतो; पण दोष शोधण्यात गेलेले दिवस, हातची गेलेली कामे, विनाकारण बदललेली कार्डे यांची हमी कोणी देत नाही. निमशहरी भागातील ग्राहकाला तर सेवा केंद्रापर्यंतचे अंतरही मोजावे लागते.

डळमळलेला मातब्बर

हा धक्का इंटेलला सर्वांत वाईट वेळी बसला. १ ऑगस्ट २०२४ रोजी कंपनीने सुमारे पंधरा हजार नोकऱ्या कमी करण्याची आणि लाभांश थांबवण्याची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी शेअर २६ टक्क्यांनी कोसळला. डिसेंबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी पॅट गेलसिंगर पायउतार झाले आणि मार्च २०२५ मध्ये लिप-बू टॅन यांनी सूत्रे हाती घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने कंपनीत सुमारे दहा टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात एनव्हिडियाने पाच अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. एकेकाळी जगाला चिप बनवायला शिकवणाऱ्या कंपनीवर सरकारी टेकूची वेळ यावी, हा काळाचा महिमा.

दरम्यान, ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेलची 'कोअर अल्ट्रा २००एस' मालिका आली. विजेची भूक तिने लक्षणीय कमी केली, संकलनात ती दमदार ठरली. पण गेममध्ये अनेक ठिकाणी चौदाव्या पिढीच्याही मागे पडली. अपेक्षेप्रमाणे घडले नाही, हे इंटेललाही कबूल करावे लागले. नंतर आलेल्या सुधारणांनी आणि किमतीतील कपातीने थोडी भरपाई झाली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, एएमडीने 'रायझन ७ ९८००एक्स३डी' आणला आणि गेमच्या मैदानात अंतर आणखी वाढवले. मार्च २०२५ मध्ये सोळा गाभ्यांचा 'रायझन ९ ९९५०एक्स३डी' आला, तेव्हा दोन्ही कामे एकाच चिपवर करण्याचा एएमडीचा दावा पूर्ण झाला. त्याची घोषित किंमत होती ६९९ डॉलर, ९८००एक्स३डीची ४७९.

ग्राहकाने यातून एवढाच बोध घ्यावा की, एक कंपनी थकली की दुसरीच्या किमती खाली येत नाहीत. आज एएमडीच्या यशाने आनंदणाऱ्यांनी २०११ ते २०१७ या वर्षांचे स्मरण ठेवलेले बरे. इंटेल टिकून राहणे हे रायझन घेणाऱ्याच्याही हिताचेच आहे.

मग निवडावे काय?

ज्याची उपजीविका संकलनावर आहे आणि गेम हा विरंगुळा आहे, त्याने गेमच्या आलेखांनी भुलण्याचे कारण नाही. वीस गाभ्यांचा 'कोअर अल्ट्रा ७ २६५के' त्याच्यासाठी अधिक शहाणपणाचा पर्याय ठरतो. क्विक सिंकची सोय त्यात आहे आणि एक्स्पोर्टसाठी पुरेसे गाभेही. गेम त्यावर चालत नाहीत असे नाही. फक्त विक्रम करत नाहीत. केवळ संकलनच करायचे असेल, तर अ‍ॅपलच्या मॅककडेही पाहायला हवे. मात्र मॅकवर चालणाऱ्या गेमची संख्या विंडोजच्या तुलनेत फारच तोकडी आहे आणि नंतर रॅम वाढवण्याची सोय नाही.

ज्याचा कल गेमकडे आहे आणि संकलन अधूनमधून, त्याच्यासाठी ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी हे आठ गाभ्यांचे प्रोसेसर योग्य. पण येथेही एक मेख आहे. प्रोसेसरच्या चाचण्या बहुधा बाजारातील सर्वांत महाग ग्राफिक्स कार्ड लावून आणि चित्राचा आकार मुद्दाम लहान ठेवून केल्या जातात. कारण प्रोसेसरमधील फरक तेव्हाच उठून दिसतो. प्रत्यक्षात मध्यम कार्ड आणि मोठा पडदा असलेल्या ग्राहकाकडे अडसर कार्डाचा असतो, प्रोसेसरचा नव्हे. त्याला एक्स३डीचा फायदा जवळपास दिसणारच नाही. त्याने साधा आठ गाभ्यांचा 'रायझन ७ ९७००एक्स' घेऊन वाचलेले पैसे कार्डात घातले, तर दोन्ही कामे अधिक चांगली होतील. रिझॉल्व्हसारखी प्रणाली तर रंगकाम मुख्यतः ग्राफिक्स कार्डावरच करते.

दोन्ही कामे पूर्ण ताकदीने, तेही व्यवसाय म्हणून करणाऱ्यांसाठीच ९९५०एक्स३डीचा विचार करावा. त्याच्या सोळा गाभ्यांपैकी आठांनाच मोठी कॅश लाभलेली आहे. गेम त्याच आठांवर चालावा यासाठी विंडोज आणि एएमडीची प्रणाली अद्ययावत ठेवावी लागते, हेही ध्यानात घ्यावे.

आणि ज्याचा खिसा लहान आहे त्याचे काय? २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहिती केंद्रांकडून मागणी वाढल्याने रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. अशा काळात रॅमचा खर्च प्रोसेसरच्या निवडीवर कुरघोडी करतो. घरात जुनी डीडीआर४ रॅम आणि एएमडीचा 'एएम४' मदरबोर्ड असेल, तर बायॉस अद्ययावत करून त्यावर 'रायझन ५०००' मालिकेतील प्रोसेसर बसवणे हा उत्तम मार्ग आहे. २०१७ मधील कित्येक मदरबोर्डवरही तो बसतो. इंटेलच्या मदरबोर्डांना इतके दीर्घ आयुष्य क्वचितच लाभते. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या 'एएम५'लाही २०२७ पर्यंत व त्यापुढे साथ देण्याचे आश्वासन एएमडीने दिले आहे. चार-पाच वर्षांचा विचार करणाऱ्याने मदरबोर्डचे हे आयुष्य किमतीच्या बेरजेत धरायला हवे. रॅम मात्र संकलनासाठी ३२ गिगाबाइटहून कमी घेऊ नये. त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागला तरी चालेल.

दुकानात उभे राहिल्यावर

काही सावधगिरी दुकानातच बाळगावी लागते. इंटेलच्या नावापुढे 'एफ' हे अक्षर असेल, तर त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसते, म्हणजे क्विक सिंकही नसते. थोडी स्वस्त म्हणून ही आवृत्ती सुचवली जाते. संकलन करणाऱ्याने ती घेऊ नये. खोक्याविना सुटा मिळणारा 'ट्रे' प्रोसेसर स्वस्त पडतो. पण त्याची हमी कंपनी देणार की दुकानदार, हे बिलावर लिहून घ्यावे. वापरलेला तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा आय७ किंवा आय९ कितीही स्वस्त मिळाला, तरी त्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसताना घेणे जोखमीचे. ज्यांच्याकडे हे प्रोसेसर आहेत, त्यांनी बायॉस अद्ययावत केले नसेल तर आधी ते करून घ्यावे.

शेवटचा मुद्दा उन्हाचा. परदेशी चाचण्या साधारणपणे वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात पारा ४५ अंशांवर जातो. पंखा असो वा पाण्याचा कूलर, कोणताही साधा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली पंधरा-वीस अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच अधिक तापतो आणि मग स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. २५० वॉट खाणारा प्रोसेसर विनावातानुकूलित खोलीत आपला जाहिरातीतला वेग टिकवील, ही अपेक्षाच चुकीची आहे. तेथे ६५ ते १२० वॉटचा प्रोसेसर अधिक भरवशाचा. दोन्ही कंपन्यांच्या प्रोसेसरची वीजमर्यादा बायॉसमधून कमी करता येते. त्यामुळे गेममधील वेगात फारसा फरक पडत नाही; पण उष्णता आणि पंख्याचा आवाज जाणवण्याइतका कमी होतो. कंपनीने जो अट्टहास करून मिळवला, तो शेवटचा थोडासा वेग ग्राहकाने आपणहून परत करावा, यात तोटा काहीच नाही.

'सर्वांत चांगला प्रोसेसर कोणता' हा प्रश्न विचारला जातो तोवर त्याचे उत्तर कंपन्यांच्या जाहिराती देत राहणार. 'माझे काम नेमके कुठे अडते' हा प्रश्न ज्याने स्वतःला विचारला, त्याचे उत्तर मात्र त्याच्याच संगणकात असते. संकलन अडखळत असताना आणि गेम चालू असताना विंडोजचा 'टास्क मॅनेजर' उघडून पाहिला, तरी प्रोसेसर, रॅम, डिस्क की ग्राफिक्स कार्ड, यांपैकी कोण दमले आहे याचा अंदाज येतो. गाभ्यांचे आकडे वेगवेगळे पाहायला विसरू नये. एकूण आकडा निम्मा दिसत असला, तरी त्यातील एखादा गाभा पूर्ण जुंपलेला असू शकतो. खरेदीला निघण्यापूर्वी एक दिवस या पाहणीला दिला, तर कित्येकांच्या लक्षात येईल की आपल्याला नवा प्रोसेसर नव्हे, आणखी थोडी रॅम हवी होती.